वासाची हजेरी

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला नवी कुकिंग रेंज भिंतीला लागली आणि धाकट्याने गुडघ्यांवरची धूळ झटकत जाहीर केलं, "चला, आता हजेरी."

सकाळपासून आई मनातल्या मनात हेच म्हणत होती, की आज कुणाला हजेरी आठवू नये. पण नको त्या गोष्टी लक्षात ठेवण्यात तिची तिन्ही मुलं पहिल्यापासून हुशार.

रेंज देखणी होती यात वाद नाही. वर चार बर्नर, खाली काचेच्या दाराचा ओव्हन. आईच्या पंचाहत्तरीची भेट म्हणून तिघांनी मिळून घेतलेली. जुन्या दोन बर्नरच्या शेगडीने सव्वीस वर्षं या घराला जेवू घातलं होतं. ती आता गॅलरीत सिलिंडरशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती आणि येताजाता आईला तिच्याकडे बघवत नव्हतं.

हजेरी ही त्यांच्या बाबांची पद्धत. बाबा जन्मभर गॅसचे फिटर. घरात साधी नळी बदलली तरी ते सगळ्यांना बाहेर काढायचे, स्वयंपाकघराचं दार लावून दहा मिनिटं थांबायचे आणि मग मोठ्यापासून धाकट्यापर्यंत एकेकाला आत घ्यायचे. आत जाऊन जमिनीलगत वाकून वास घ्यायचा, कारण सिलिंडरचा गॅस जड, तो खाली बसतो. मग उभं राहून 'आहे' किंवा 'नाही' सांगायचं. सगळ्यांचं 'नाही' झालं की बाबा काडी ओढायचे. पोरांना यात जत्रेइतकीच मजा वाटायची.

पण बाबा त्याआधी एकटेच आत साबणाचं पाणी आणि जुना दाढीचा ब्रश घेऊन बसायचे, प्रत्येक जोडाला फेस लावून बुडबुडा फुगतो का ते निरखायचे. त्या वेळी पोरं दाराबाहेर एकमेकांना ढकलत असायची. त्यामुळे त्यांच्या लक्षात राहिली ती हजेरी. साबण लक्षात होता फक्त आईच्या.

"साबण लावलास का रे?" तिने विचारलं.

"आई, तुझं नाक असताना साबण कशाला?" धाकटा हसला. "बाबा कुठे साबण लावत बसायचे?"

"लावायचे."

"मी तरी कधी पाहिलं नाही."

"मीही नाही," थोरला म्हणाला. गेल्या वर्षभरात या दोघा भावांचं एकाही बाबतीत एकमत झालं नव्हतं, ते नेमकं आत्ता झालं.

"तुम्ही दोघं दाराबाहेर ताईच्या वेण्या ओढत होतात," आई म्हणाली. पण तिचं बोलणं हसण्यावारी गेलं.

"आणि हे बघ आई, तुझ्यासाठी," धाकट्याने रेंजच्या मागे बोट दाखवलं. भिंतीतून आलेल्या तांब्याच्या पाइपाला एक पितळी कॉक बसवलेला होता, घासूनपुसून लखलखीत केलेला. "बाबांच्या पेटीत सापडला. म्हटलं, तुझ्या रेंजला बाबांच्या हातचं काहीतरी असावं."

ताईने लगेच डोळ्यांना पदर लावला. आईने पुढे होऊन कॉकवरून बोट फिरवलं आणि साबणाचा विषय तिथेच राहिला.

"मी म्हटलं होतं मिस्त्रींना बोलवूया," दारातून धाकट्याची बायको म्हणाली. "ते सगळं बघून—"

"फिटरच्या घरात फिटर बोलवायचा?" थोरला म्हणाला. "रेडिओ, तू जरा आवाज बारीक कर बघू."

रेडिओ हे नाव थोरल्यानेच ठेवलेलं, चार वर्षांपूर्वी, ती लग्न होऊन आली त्या आठवड्यात. पोरगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून घसा बसावा की नाही, पण छे. घरी आली की पर्स टेकवायच्या आत सुरू. गेल्या काही महिन्यांत तर तिने ताळच सोडला होता. आई शेगडीपाशी उभी राहिली की ही मागे हजर. कांदा गुलाबी झाला हं आई, काय खमंग वास सुटलाय. दूध वर येतंय. आज पिठाला कुबट वास येतोय, डबा बदलूया का. आईला कधी कधी वाटायचं, हिला कुठेतरी एक बटण असतं तर बरं झालं असतं.

आता हजेरी आईपासून सुरू होणार, आणि आईच्या नाकाचा या घरात दबदबा होता. एकदा जिना चढता चढता ती दुसऱ्या मजल्यावर थबकली होती आणि बंद दारातून तिने शेजाऱ्यांचा गळता गॅस ओळखला होता. दार फोडून त्या घरच्या म्हातारबुवांना बाहेर काढलं तेव्हा सगळी इमारत तिच्या पाया पडायची बाकी होती. तेव्हापासून आईने 'नाही' म्हटलं की विषय संपला.

ते नाक आठ महिन्यांपूर्वी गेलं. त्या लांबलेल्या तापातून ती उठली, चहाचा डबा उघडला, आणि डबा रिकामा असल्यासारखा वाटला. आत डोकावली तर काठोकाठ चहा. तिने साबण हुंगला, लसूण हुंगला, शेवटी रॉकेलची बाटली हुंगली. कशालाच काही नाही.

कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर काय होणार हे ती जाणून होती. बाजारहाट गुडघ्यांनी नेला होता, शिवणाचं मशीन पाठीने नेलं होतं. हातात राहिलं होतं ते स्वयंपाकघर. आणि ताई गेली दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होती, की सोड आता तो ओटा, माझ्याकडे ये आणि आयतं बसून खा. आयतं बसून खाण्याची आईला मनापासून धास्ती होती.

दहा मिनिटं झाली. धाकट्याने दार उघडलं. आई आत गेली, ओट्याला धरून वाकली, गुडघे कुरकुरले. तिने जमिनीलगत मोठा श्वास घेतला. थंडगार हवा आत गेली आणि काही न सांगता बाहेर आली.

सांगावं का? सांगूनच टाकावं, असं तिला वाटलंसुद्धा. मग दारात उभे असलेले चार चेहरे दिसले, सगळे हौसेने आपल्याकडे बघणारे.

"नाही," ती म्हणाली.

तिच्यामागून ताई गेली. पाठ दुखते म्हणून ती वाकलीच नाही, उभ्या उभ्याच हुंगल्यासारखं केलं. "आई म्हणते म्हणजे नाहीच." थोरला अर्धा वाकला, तेवढ्यात फोन वाजला, तो बंद करत म्हणाला, "नाही." धाकट्याच्या हातांना सकाळपासून गंज काढायच्या तेलाचा वास लागलेला, त्याला स्वतःच्या बोटांपलीकडचं काही कळणं शक्यच नव्हतं. त्यानेही "नाही" म्हटलं आणि खिशातून काडेपेटी काढली.

आई दारातून बघत होती. तिघांनी आपापली नाकं बाहेर ठेवली होती आणि तिचं नाक घेऊन आत गेले होते.

शेवटी रेडिओ. ती सरळ जमिनीवर गुडघे टेकून बसली आणि रेंजच्या मागच्या फटीपाशी तोंड नेलं. बराच वेळ उठली नाही. काही बोललीही नाही, आणि हेच नवल होतं.

"मला येतोय," ती उठून म्हणाली.

"काय येतोय?"

"वास. मागे, भिंतीकडे."

"आईला येत नाही आणि तुला येतो?" थोरल्याने ताईकडे बघून भुवई उडवली.

"नव्या रबराचा असेल गं," ताई म्हणाली. "नव्या वस्तूला असतोच जरा."

धाकटा ओशाळला. "अगं, आईने सांगितलं ना. उगाच कशाला?"

रेडिओ ऐकेना. तिने आईकडे बघितलं, नीट, डोळ्यांत डोळे घालून, आणि म्हणाली, "आईंना कालपासून सर्दी झालीये. हो ना आई? सर्दीत कुठला कळतोय वास."

आईला सर्दी नव्हती. कालही नव्हती, परवाही नव्हती, आणि एकाच घरात राहणाऱ्या या पोरीला ते पक्कं माहीत होतं. आईला क्षणभर काही उमगेना. मग उमगलं, की ही आपल्याला दार उघडून देतेय. नुसतं 'हो' म्हणायचं. सर्दी आहे म्हणायचं आणि निसटायचं. आजचा गॅस सापडेल, आजची रेंज नीट होईल आणि स्वयंपाकघर हातात राहील.

आणि उद्या? उद्या कुणी घरात नसताना? किंवा सगळे घरात असताना, ही पोरगी शेजारच्या खोलीत झोपलेली असताना?

"मला सर्दी नाही," आई म्हणाली. "मला वासच येत नाही. आठ महिने झाले. मघाशी मी खोटं बोलले. तिला येतोय ना, मग गॅस आहे. ती काडेपेटी खिशात टाक आधी."

थोरल्याचा हात आपसूक पंख्याच्या बटणाकडे गेला. "निदान पंखा तरी—"

"बोट लावू नकोस." हा आवाज मुलांनी कैक वर्षांत ऐकला नव्हता. "एकाही बटणाला हात लावायचा नाही, ठिणगी उडते. धाकट्या, गॅलरीत जा, सिलिंडर बंद कर. थोरल्या, तू खिडकी उघड. ताई, दार सताड उघडं टाक आणि बाहेर हो. फोन बिन जिन्यात गेल्यावर."

दोन मिनिटांत पाचही जण जिन्यात होते.

रेडिओ दोन पायऱ्या खाली जाऊन मिस्त्रींना फोन लावत होती. वर ताईला रडू फुटलं. "आठ महिने, आई? आठ महिने तू गॅसशी एकटी... काही झालं असतं म्हणजे? ते काही नाही, तू आजच्या आज माझ्याकडे चल."

"चल कशाला?" थोरला म्हणाला. एरवी ताईने पूर्व म्हटलं की तो पश्चिम म्हणायचा, पण आज तो तिच्या बाजूने होता. "इथेच राहू दे. पण आजपासून स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. विषय संपला."

आई पायरीवर बसली. हे होणार हे ती ओळखून होती आणि आता ते झालं होतं. राग कुणाचाच आला नाही, नुसते हात रिकामे वाटले.

"मी काडी ओढणार होतो," धाकटा भिंतीला टेकून म्हणाला. तो पांढराफटक पडला होता. "काडी हातात होती माझ्या."

"मिस्त्री निघालेत," रेडिओ वर येत म्हणाली. "आणि दादा, ताई, राग मानू नका, पण आईंना ओट्यापासून लांब ठेवून काय होणार? त्यांना वास येत नाही म्हणून त्यांनी 'नाही' सांगितलं. तुमची तिघांची नाकं चांगली धडधाकट आहेत. तुम्ही काय सांगितलंत?"

ताईने एकाएकी रुमाल शोधायला घेतला.

"तुला माहीत होतं," ताई रुमालाआडून म्हणाली.

"हो. सहा-सात महिने झाले. एकदा दूध करपून घरभर धूर झाला आणि आई शेगडीला पाठ करून निवांत वाटाणे सोलत होत्या."

"मग सांगितलं का नाहीस?"

"त्यांची गोष्ट, त्याच सांगतील म्हटलं. कामावर जाताना सिलिंडर बंद करून जात होते. दुपारचा चहा थर्मासमध्ये भरून ठेवत होते, म्हणजे पेटवायलाच नको. तरी चुकलंच माझं, आधी बोलायला हवं होतं." तिने हातातला फोन पायरीवर ठेवला. "बाकी घरी असले की बोलत होतेच ना मी. सारखी."

ताई आणि थोरल्याला त्या शेवटच्या वाक्यात काही विशेष वाटलं नाही. आईला वाटलं. ती पायरीवर बसल्या जागी आठवू लागली. कांदा गुलाबी झाला. दूध वर येतंय. पिठाला कुबट वास येतोय. भात लागला बघा खाली. त्या थर्मासच्या चहावरून आपण हिला किती बोललो होतो, की गरम गरम चहा करून घ्यायलाही तुझ्या राज्यात बंदी आहे का म्हणून. पोरीने ऐकून घेतलं होतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थर्मास भरला होता. आपण बटण शोधत होतो, आणि ही सहा महिने आपल्याला आपलं नाक परत देत होती. आईने सरकून पायरीवर जागा केली, आणि रेडिओ शेजारी येऊन बसली.

मिस्त्री अर्ध्या तासात आले. बाबांच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस आता स्वतःच पांढऱ्या मिशांचा झाला होता. त्यांनी आधी घरातला गॅस निघून गेल्याची खात्री केली, मग वाटीत साबण कालवला आणि ब्रश मागितला. आई आत जाऊन कपाटातून बाबांचा दाढीचा ब्रश घेऊन आली. मिस्त्रींनी तो ओळखला, कपाळाला लावला आणि कामाला लागले.

सिलिंडर जरासा उघडून त्यांनी एकेका जोडाला फेस लावला. पितळी कॉकपाशी फेसाचा बुडबुडा फुगला, मोठा झाला, फुटला आणि पुन्हा फुगला. सगळे दारातून वाकून बघत राहिले.

मिस्त्रींनी सिलिंडर बंद करून कॉक उतरवला आणि खिडकीशी नेला. "हा कुठला आणलास?"

"बाबांच्या पेटीतला आहे," धाकटा म्हणाला.

"पेटीतलाच असणार. हे बघ." त्यांनी कॉक उलटा केला. पोटाला कानशीने मारलेली बारीक फुली होती. "बाद झालेल्या मालावर उस्ताद फुली मारायचे. फेकायचे नाहीत. म्हणायचे, फेकला तर कुणीतरी उचलून दुसऱ्याच्या घरी बसवेल. म्हणून स्वतःच्या पेटीत ठेवायचे."

धाकटा फुलीकडे बघत राहिला. "मला वाटलं ओरखडा आहे. मीच घासून चकचकीत केला."

"तू प्रेमाने केलंस," आई म्हणाली. "पण ते असते तर आज त्यांनी तुझा कान तुझ्या हातात दिला असता."

मग मिस्त्रींनी नवा कॉक बसवला. तापणाऱ्या ओव्हनच्या मागून नेलेली रबरी नळी काढून जाळीदार धातूची लावली आणि ती ओव्हनपासून लांबून फिरवली. ओव्हनच्या उघड्या दारावर जड भांडं ठेवलं तर सबंध रेंज पुढे कलंडते, म्हणून मागच्या पायाला भिंतीत पट्टी ठोकली. शेवटी जमिनीपासून वीतभर उंचीवर एक छोटी पांढरी डबी लावली. गॅस साचला की ही कोकलणार, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशी.

"मिस्त्री, खरं सांगा," थोरल्याने विचारलं. "आईला आता स्वयंपाकघरात एकटीला सोडायचं का?"

मिस्त्री हात पुसत उठले. "चांगल्या नाकाचा माणूससुद्धा थोडा वेळ त्या वासात उभा राहिला की त्याला तो कळेनासा होतो. उस्तादांना हे माहीत होतं. ते साबणावर भरवसा ठेवायचे. हजेरी घ्यायचे ती तुम्हा पोरांना वास ओळखता यावा म्हणून. या रेंजची ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होतो, खाली ही डबी आहे. आता वहिनींचं काय ते तुम्ही ठरवा."

"मी ठरवते," आई म्हणाली. "दर रविवारी साबण मी लावणार. माझे डोळे शाबूत आहेत, बुडबुडा मला दिसतो. घरात कुणी नसेल तेव्हा सिलिंडर बंद राहील आणि मी थर्मासमधला चहा पिईन. कुरकुर न करता."

थोरल्याने ताईकडे बघितलं. ताईने नाक पुसलं. "आणि मला रोज फोन करायचा."

"तो तू करतेसच दिवसातून तीनदा," आई म्हणाली, आणि थोरला सगळ्यांत आधी हसला.

हजेरी पुन्हा झाली. या वेळी आधी आईने स्टुलावर बसून, मिस्त्रींनी धरलेल्या टॉर्चच्या उजेडात, प्रत्येक जोडाला स्वतः फेस लावला. कुठेच बुडबुडा आला नाही. मग दार बंद, दहा मिनिटं. ताई पाठीची तक्रार न करता पार गुडघ्यांवर बसली. थोरल्याने फोन बाहेर ठेवला. धाकटा तर दोनदा हात धुऊन आला. एकेकाने "नाही" म्हटलं आणि ते त्यांचं स्वतःचं 'नाही' होतं. रेडिओ सगळ्यांत शेवटी उठली, "नाही" म्हणाली, आणि आईच्या जिवात जीव आला.

आईने काडी ओढली. निळी ज्योत गोल फिरून उभी राहिली. तिने चहासाठी दुधाचं पातेलं चढवलं, आणि मग स्वयंपाकघरात एकच गलका सुरू झाला. थोरला डबी कशी चालते ते ताईला समजावत होता, ताई त्याला तुला काय कळतंय म्हणत होती, धाकटा तो फुली मारलेला कॉक जपून पेटीत परत ठेवावा की काय ते मिस्त्रींना विचारत होता. रेडिओ तेवढी ओट्याच्या टोकाला गप्प उभी होती. आता सगळं उघड झालंय, आता आपण बोलणं बरं दिसेल का, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं.

आई पातेल्याकडे बघत होती. पांढरंशुभ्र दूध, स्थिर. ती थोडा वेळ थांबली. मागून काहीच येईना.

"गप्प बसा जरा सगळे," आई म्हणाली. "मला रेडिओ ऐकू दे."

सगळे गप्प झाले. रेडिओने चमकून वर बघितलं. तिचे डोळे भरून आले होते, पण ती पुढे आली, आईच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि पातेल्यावर वाकली.

"नव्या लोखंडाचा वास येतोय थोडा," ती म्हणाली. "तो जाईल दोन दिवसांत. दुधाला आता गोडसर वास सुटलाय. हं, आई, येतंय वर."

आईने ज्योत बारीक केली.